उसन्या सुरांचे नायक

रिचर्ड डॉनर यांच्या 'सुपरमॅन'चे संगीत मुळात जेरी गोल्डस्मिथ करणार होते. डॉनर यांच्या आधीच्या 'द ओमेन'साठी गोल्डस्मिथ यांना ऑस्कर मिळाले होते, त्यामुळे दिग्दर्शकाच्या मनात त्यांचेच नाव असणे स्वाभाविक होते. तारखा जुळल्या नाहीत आणि काम जॉन विल्यम्स यांच्याकडे गेले. १९७८ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पितळी वाद्यांतून जी धून बाहेर पडली, ती आज तो चित्रपट न पाहिलेल्यांनाही ओळखता येते. षड्ज आणि पंचमाच्या भक्कम पायावर उभी असलेली ती धून ऐकताना सुपरमॅन हे नावच उच्चारले जाते आहे असे वाटते, असे खुद्द डॉनर सांगत असत. विल्यम्स यांचा संयमही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या नामावलीत ही धून एकदा पूर्ण वाजते. नंतर बराच वेळ ती तुकड्यातुकड्यांनी, चाहूल लागावी तशी येत राहते. लोइस लेन हेलिकॉप्टरला लोंबकळते, खाली क्लार्क केंट धावत सुटतो, शर्टाची बटणे उघडतात आणि तेव्हा कुठे ती पुन्हा मोकळी होते. तोवर प्रेक्षक नायकाइतकीच त्या सुरांचीही वाट पाहत असतो.

सहा वर्षांनी, १९८४ साली, त्याच निर्मात्यांनी 'सुपरगर्ल' काढला. या वेळी संगीत गोल्डस्मिथ यांचे होते. मूळ चित्रपट हातून गेलेल्या संगीतकाराला त्याची शाखा मिळाली आणि त्यांनी ती मनापासून फुलवली. मोठा वाद्यवृंद, त्यात सिंथेसायझरवर उड्डाणाची एक सळसळ आणि त्यावर तरंगणारी एक रोमँटिक धून. कारा, म्हणजे सुपरगर्ल, पृथ्वीवर येते आणि पहिल्यांदा हवेत गिरक्या घेते, तो प्रसंग मी केवळ संगीतासाठी पुन्हा पुन्हा पाहू शकतो. स्वतःच्या अंगातल्या शक्तीचे नवल वाटणारी एक कोवळी मुलगी त्या सुरांमध्ये पूर्ण उभी आहे. पटकथेत मात्र ती कुणाची तरी चुलत बहीण आहे, एवढेच. सुपरमॅन झालेले क्रिस्टोफर रीव्ह त्यात छोटी भूमिका करणार होते, ते जमले नाही. चित्रपटात ते वसतिगृहाच्या खोलीतल्या एका पोस्टरवर दिसतात आणि त्या क्षणापुरती विल्यम्स यांची धून डोकावून जाते. अमेरिकेत दाखवताना चित्रपटाची सुमारे २० मिनिटे कापली गेली. तो पडला, आणि पुढची कितीतरी वर्षे स्त्री-सुपरहिरोंचे चित्रपट चालत नाहीत याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेतले गेले. गोल्डस्मिथ यांना कारा कोण आहे ते कळले होते. निर्मात्यांना ते कळले नव्हते.

मला या दोन चित्रपटांकडे पुन्हा पुन्हा यावेसे वाटते, कारण आज सुपरहिरोंच्या स्पिन-ऑफविषयी जी तक्रार सगळीकडे चालू आहे तिचे मूळ इथे ऐकू येते. तक्रार साधारणपणे संख्येची असते: फार चित्रपट झाले, फार मालिका झाल्या, कंटाळा आला. संख्या हे कारण मला अपुरे वाटते. ज्या पात्राला आपला स्वतःचा सूर सापडलेला नाही त्याला दुसऱ्याच्या पुण्याईवर मध्यभागी आणून उभे केले जाते, हे मला खरे दुखणे वाटते. ही पोकळी कथेत झाकता येते, दृश्यांच्या झगमगाटात तर सहज झाकता येते. संगीतात ती झाकली जात नाही.

मुख्य कथेतून एखादे पात्र उचलून त्याची वेगळी कथा सांगणे यात वाईट काहीच नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. महाभारताच्या आदिपर्वातले सुभद्राहरण हा एक छोटा प्रसंग. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली त्याचे 'संगीत सौभद्र' केले आणि ते जगले ते पदांच्या बळावर. तिथली सुभद्रा महाभारतातल्या सुभद्रेची नुसती आठवण करून देत नाही, ती आपले मन आपल्या चालीत गाते. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला केंद्रस्थानी आणले, तेव्हा कुरुक्षेत्र तेच राहिले, पण ते पाहणारा डोळा बदलला. थोरल्या कथेला जे सांगता आले नाही ते सांगण्यासाठी धाकटी कथा जन्मते. तसे काही सांगायचे नसेल तर ती का जन्मली, हा प्रश्न विचारायला हवा आणि तो कठोरपणे विचारायला हवा.

सुपरहिरोच्या बाबतीत या प्रश्नात संगीताची बाजू अधिक जड आहे. या नायकाचा चेहरा बदलत राहतो. नट बदलतात, दिग्दर्शक बदलतात, पोशाखाचा रंग गडद होतो, फिकट होतो. ओळख टिकवून धरण्याचे काम धून करते. डॅनी एल्फमन यांनी १९८९ च्या 'बॅटमॅन'साठी पाच स्वरांची एक आकृती रचली. लंडनहून परतताना ती विमानात सुचली आणि विसरू नये म्हणून त्यांनी विमानाच्या स्वच्छतागृहात जाऊन ती टेपरेकॉर्डरवर गुणगुणून ठेवली. ते पाच स्वर वर चढतात, चढता चढता कोमल धैवतावर जातात आणि मग पंचमावर उतरतात. नायक उंच उडत नाही, अंधाराकडे वळतो, हे तेवढ्यात कळते. हीच धून १९९२ च्या ॲनिमेशन मालिकेच्या सुरुवातीला वाजली आणि २०१७ च्या 'जस्टिस लीग'मध्ये एल्फमन परतले तेव्हा ते तिला सोबत घेऊनच आले. मधल्या काळात जे प्रेक्षक मोठे झाले त्यांच्यासाठी त्या पाच स्वरांत एक अख्खे बालपण साठलेले होते. धून जितक्या वेळा प्रामाणिकपणे वाजते तितका तिच्यात अर्थ मुरत जातो. हे भांडवल सावकाश जमते.

याच एल्फमन यांनी १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये कॅटवुमनला वेगळे संगीत दिले होते. व्हायोलिनच्या तारांवरून नखांनी ओरखडावे तसे घसरणारे सूर, अर्धे विलाप, अर्धे गुरगुरणे. मिशेल फायफर यांची सेलिना काइल आणि ते सूर वेगळे काढताच येत नाहीत. या पात्राचा स्वतंत्र चित्रपट व्हावा असे तेव्हाच ठरत होते, डॅनियल वॉटर्स यांनी त्याची पटकथाही लिहिली होती. तो झाला असता तर बहुधा चांगला झाला असता, कारण पात्र आधीच आपल्या आवाजात बोलत होते. प्रत्यक्षात २००४ साली 'कॅटवुमन' आला तो हॅली बेरी यांना घेऊन. त्यात सेलिना नव्हती, गॉथम नव्हते, बॅटमॅन नव्हता आणि ते ओरखडेही नव्हते. नाव आणि मांजरीचे कान तेवढे शिल्लक होते. हॅली बेरी या मोठ्या अभिनेत्री आहेत आणि त्या चित्रपटाचे खापर त्यांच्या माथी फुटले याचे मला आजही वाईट वाटते. ज्या पात्राचा अंतरंगातला आवाज काढून घेतला आहे ते कोणत्याही अभिनेत्रीला पेलवणारे नव्हते.

मार्व्हलकडे वळले की चित्र गुंतागुंतीचे होते. 'आयर्न मॅन'च्या तीन चित्रपटांना तीन संगीतकार: २००८ साली रामिन जावादी, २०१० साली जॉन डेबनी, २०१३ साली ब्रायन टायलर. थॉरच्या पहिल्या तीन चित्रपटांचीही हीच कथा. प्रत्येकाने आपापल्या परीने चांगले काम केले, पण प्रत्येकाने जवळजवळ पाटी कोरी करून सुरुवात केली. त्यात टेम्प ट्रॅकची भर. संकलनाच्या वेळी एखाद्या जुन्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवतात, दिग्दर्शकाच्या कानाला महिनोन्‌महिने त्याची सवय होते आणि मग संगीतकाराकडे मागणी येते ती 'असेच काहीतरी' करून देण्याची. 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' या व्हिडिओ-निबंधमालेने २०१६ साली रस्त्यावरच्या लोकांना मार्व्हलची एखादी धून गुणगुणून दाखवायला सांगितले तेव्हा त्यांना ती आठवेना. ॲलन सिल्व्हेस्ट्री यांची 'ॲव्हेंजर्स'ची धून हा या म्हणण्याला ठळक अपवाद, आणि 'एंडगेम'मध्ये एकामागून एक प्रकाशाची वर्तुळे उघडत जातात तेव्हा तिने जे केले ते केवळ दृश्याला जमले नसते. पण ती धून समूहाची आहे. एकेकट्या नायकांपैकी बहुतेकांना तसे काही लाभले नाही.

त्याच 'एंडगेम'च्या नामावलीच्या अगदी शेवटी, पडदा काळा असताना, घणाचे घाव ऐकू येतात. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्क गुहेत आपले पहिले चिलखत ठोकत होता, त्याचा तो आवाज. अकरा वर्षे ज्या माणसाने या साऱ्या डोलाऱ्याचा भार वाहिला त्याला निरोप देताना हाताशी त्याची अशी एकच धून नव्हती, म्हणून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज निवडला गेला, असे मी त्याकडे पाहतो. तो आवाज हृदयाला भिडतो यात शंका नाही. पण मुख्य नायकालाच जिथे सुरांचे घर बांधून दिले गेले नाही तिथे त्याच्या नावावर उभ्या राहणाऱ्या शाखांनी वारसा म्हणून घ्यायचे तरी काय?

नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झाले आणि शाखांचा पूर आला. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवेला सतत काहीतरी नवे लागते, ही त्यामागची साधी गरज. खुद्द डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनीही २०२३ साली कबूल केले की इतके काढत गेल्याने लक्ष विखुरले. त्याच वर्षीचा 'द मार्व्हल्स' पूर्ण समजायचा तर आधी एक चित्रपट आणि दोन मालिका पाहिलेल्या असणे गरजेचे होते. जगभरात त्याने सुमारे २० कोटी डॉलर मिळवले. 'एंडगेम'ने चारच वर्षांपूर्वी २८० कोटींच्या आसपास मिळवले होते. या आकड्यांवरून अनेकांनी त्यातल्या तीन नायिकांना दोष दिला. मला त्यातल्या एकीबद्दल, कमला खानबद्दल, बोलायचे आहे.

२०२२ च्या 'मिस मार्व्हल' मालिकेतली कमला ही जर्सी सिटीत वाढणारी पाकिस्तानी वंशाची मुलगी. या मालिकेला कान होते. इव्हा बी यांचे 'रोझी' त्यात आहे, कोक स्टुडिओचे 'पसूरी' आहे, लॉरा कार्पमन यांचे पार्श्वसंगीत आहे. कथा कराचीला जाते, तिथून १९४७ च्या रेल्वे स्थानकावर जाते, आणि फाळणीत हात सुटलेल्या एका लहान मुलीपर्यंत पोहोचते. अमेरिकेतल्या एका सुपरहिरो मालिकेत त्या गाडीची शिटी ऐकताना, तो इतिहास आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या कुणाही भारतीय प्रेक्षकाच्या पोटात काहीतरी हलले असणार. इथे शाखेकडे सांगण्यासारखे काहीतरी स्वतःचे होते, थोरल्या कथेच्या गावीही नसलेले.

आणि मग शेवटचा भाग येतो. कमलाचा मित्र ब्रुनो तिला सांगतो की तिच्या जनुकांत काही वेगळे आहे, एक प्रकारचे उत्परिवर्तन. आपण कोण आहोत याचा तिला मिळालेला हा सर्वांत मोठा उलगडा. त्या क्षणी पार्श्वभूमीला १९९२ च्या 'एक्स-मेन' या उत्परिवर्तित नायकांच्या ॲनिमेशन मालिकेची धून वाजते. जाणकार प्रेक्षकांनी जल्लोष केला. मला ते ऐकून फार वाईट वाटले. सहा भाग आपल्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या सुरांतून चालत आलेल्या मुलीला तिची ओळख सांगायच्या वेळी कंपनीने दुसऱ्याच पात्रांची धून लावली, पुढे येणाऱ्या मालाची ती जाहिरात होती. स्पिन-ऑफचे दुखणे इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. पात्र स्वतःच्या पायांवर उभे राहते न राहते तोच त्याला पुढच्या गाडीला जोडून टाकण्याची ही घाई 'द मार्व्हल्स'मध्ये पूर्ण झाली. तिथे कमला विनोदी पाहुणी म्हणून आली, चांगलीच वागली, पण तिचे गाव आणि तिचे गाणे मागेच राहिले.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. 'व्हेनम' हा स्पायडरमॅनच्या शत्रूवरचा २०१८ चा चित्रपट, त्यात स्पायडरमॅन नाही, आणि त्याने ८५ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. मग सुराबिराची ही चिंता प्रेक्षकाला आहे कुठे? टॉम हार्डी यांची गंमत लोकांना आवडली, हे मान्य करायला हवे. पण त्या यशावर विसंबून सोनीने त्याच वाटेने 'मॉर्बियस', 'मॅडम वेब', 'क्रेव्हन द हंटर' काढले आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक कमी होत गेले. गैरहजर नायकाच्या नावावर एकदा उधारी मिळते, फार तर दोनदा.

'व्हेनम'चे संगीत लुडविग योरान्सन यांचे आहे. याच माणसाने त्याच वर्षी 'ब्लॅक पँथर' केला होता. दोन्ही नायक आधी दुसऱ्यांच्या चित्रपटात दिसून गेलेले. ब्लॅक पँथर, म्हणजे टचाला, २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मधून आलेला. संगीतकार एक, वर्ष एक, आणि तरी एका चित्रपटाचे संगीत कानात घर करून राहते, दुसऱ्याचे थिएटरबाहेर येईपर्यंत विरते. फरक प्रतिभेचा असू शकत नाही. 'ब्लॅक पँथर'चे दिग्दर्शक रायन कूगलर हे योरान्सन यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र; कूगलर यांनी त्यांना फार आधी कामात घेतले. योरान्सन सेनेगलला गेले, गायक बाबा माल यांच्याबरोबर दौऱ्यावर हिंडले, आणि तिथे त्यांना तामा भेटला. डमरूच्या आकाराचे हे वाद्य काखेत धरून त्याच्या दोऱ्या दाबत वाजवतात, त्यामुळे त्याचा स्वर बोलण्यासारखा चढउतार घेतो. मसांबा जोप यांनी वाजवलेल्या तामातून टचालाचे नाव उमटते. त्याचा वैरी किलमाँगर येतो तो फुलानी बासरीवर, आणि बासरीखाली अमेरिकी हिपहॉपचा जड ठेका असतो. आफ्रिकेपासून तुटलेला, ओकलंडमध्ये वाढलेला, परतून आलेला माणूस. त्याचा सगळा इतिहास त्या दोन थरांत आहे, संवाद सुरू होण्याआधीच. २०१९ साली योरान्सन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले.

पुढच्या वर्षीचे ऑस्कर हिल्दुर गुडनादोतिर यांना 'जोकर'साठी मिळाले, आणि तोही बॅटमॅनच्या कथेतून फुटलेलाच चित्रपट. त्यांनी पटकथा वाचून चेलोवर सूर शोधले ते चित्रीकरणाच्या आधी. स्वच्छतागृहातल्या प्रसंगात काय करायचे ते ठरत नव्हते. दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी तो चेलो लावला आणि वाकीन फिनिक्स सावकाश नाचू लागले. चित्रपटाचा नायक आर्थर जोकर होतो तो त्या नृत्यात. खलनायकाची कथा सांगताना नायकाची आठवण द्यावी लागली नाही, कारण त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे दुःख होते आणि त्या दुःखाला आवाज होता. चित्रपटाने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. २०२४ च्या दुसऱ्या भागातही हिल्दुर होत्याच, पण यावेळी पात्रांच्या तोंडी जुनी, दुसऱ्यांची लोकप्रिय अमेरिकी गाणी देण्यात आली. लेडी गागांसारखी गायिका असूनही ती गाणी आर्थरची होऊ शकली नाहीत, आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

जुनी गाणी वापरायलाच नकोत असे मी म्हणत नाही. 'पीसमेकर' मालिकेत नॉर्वेच्या विग वॅम या बँडचे गाणे आणि त्यावरचा तो निर्विकार चेहऱ्यांचा नाच त्या भडक, आतून घाबरलेल्या माणसाला अचूक बसतो. बसवणाऱ्याने पात्र ओळखलेले असले म्हणजे झाले.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'अगाथा ऑल अलाँग'. २०२१ च्या 'वांडाव्हिजन' मालिकेत क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याने अगाथा हार्कनेस या चेटकिणीसाठी जुन्या विनोदी मालिकांच्या चालीवर एक गाणे केले. ते इतके गाजले की त्याला एमी मिळाले आणि २०२४ साली त्या गाण्याच्याच नावाने मालिका निघाली. म्हणजे जन्माला येण्याचे कारण अगदी उथळ. पण मालिकेच्या कर्त्या जॅक शेफर यांनी तिच्या पोटात आणखी एक गाणे ठेवले, चेटकिणींच्या वाटेचे. सुरुवातीला ते मंत्रासारखे, अनेक कंठांतून येते. मग कळते की एका रॉक गायिकेने ते गाजवले होते, आणि तिने ते गायले ते आपल्या मुलीला शापापासून वाचवण्यासाठी. शेवटच्या भागात त्याचे मूळ उघडते: अगाथा आणि तिचा लहानगा मुलगा रानावनातून चालता चालता, वाट सरावी म्हणून, ओळीला ओळ जोडत होते. मुलगा गेला. उरलेल्या गाण्याचे तिने सापळ्यात रूपांतर केले आणि त्यात फसणाऱ्या चेटकिणींची शक्ती ती शतकानुशतके ओढून घेत राहिली. चाल तीच, प्रत्येक वेळी अर्थ मात्र उलटापालटा. 'वांडाव्हिजन'मध्ये अगाथेचे हे दुःख मावले नसते. तिथे ते सांगायची गरजही नव्हती.

आणि हे गाणे नटांना कॅमेऱ्यासमोर गायचे होते, म्हणून ते चित्रीकरणाआधी तयार असणे भागच होते. कूगलर आणि फिलिप्स यांनी जे आपणहून केले ते इथे कथेनेच करायला लावले. स्टुडिओंच्या रोजच्या रीतीत संगीतकार शेवटी येतो, कापून जोडलेल्या दृश्यांवर थोड्या आठवड्यांत सूर चढवतो आणि पुढच्या भागाला दुसराच कुणी असतो. स्पिन-ऑफला ही रीत सर्वांत अधिक मारक ठरते, कारण मुख्य नायकाच्या मागे निदान जुन्या आठवणी असतात.

'वांडाव्हिजन'पासून सुरू झालेल्या साखळीतली तिसरी मालिका व्हिजनवर आहे, असे जाहीर झाले आहे. मूळ व्हिजन, वांडाचा यंत्रमानव जोडीदार, मेला; आहे तो पांढरा, पुन्हा जोडलेला देह, ज्याच्यात जुन्या व्हिजनच्या सगळ्या आठवणी परत भरल्या आहेत, पण त्या आपल्या आहेत की नाहीत हे त्याला माहीत नाही. त्याची धून कोणती, हा प्रश्न त्या मालिकेच्या संगीतकाराला पहिले दृश्य चित्रित होण्याच्या आधी कुणीतरी विचारलेला असावा, एवढी माझी अपेक्षा आहे.